शहापूरचं चिंतामणराव हायस्कूल: आजोबांच्या दाखल्यावर 'सांगली संस्थान' कसं काय?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. बाबा सध्या आमच्या घराण्याची माहिती लिहून काढताहेत आणि एका मुद्द्यावर बाबा आणि आत्या यांचं अजिबात जमत नाहीये. आजोबांचा जन्म १९२९ चा. मॅट्रिक झाले १९४७ ला आणि नोकरीसाठी पुण्याला आले. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला बाबांकडे आहे. त्यावर चिंतामणराव हायस्कूल, शहापूर असं आहे आणि खाली संस्थान सांगली. त्यामुळे बाबांनी लिहिलं की आजोबांचं शिक्षण सांगलीला झालं. आत्या म्हणते, आजोबा लहानपणी बेळगाव सोडून कुठे राहिलेच नाहीत, सांगलीत आपलं कुणी नव्हतंच.

त्यात आणखी एक. बाबांचे चुलतभाऊ अण्णाकाका बेळगावच्या त्याच शहापूर भागात वाढले, त्यांचं १९६८ चं मार्क्स कार्ड आहे ते म्हैसूर राज्याच्या बोर्डाचं. म्हणजे एका घरातले दोघे, एकाच वस्तीतले, आणि कागद दोन वेगळ्या राज्यांचे. हे नक्की काय प्रकरण आहे? शिवाय आजोबांची रजिस्टरमधली नोंद आज बघायला मिळेल का? आम्ही कुणी तिकडे कधी राहिलेलो नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

अनगोळ नाका

शाळा आहे, चालू आहे. शहापुरात कुणालाही विचारा, चिंतामणराव म्हटलं की दाखवतील. आता सरकारी आहे. रेकॉर्डसाठी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहायचा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, साधारण कोणत्या साली शाळा सोडली ते. दाखल्याची झेरॉक्स आणि तुमचं आधार जोडा. दाखल्यावर रजिस्टर नंबर असतो, तो अर्जात ठळक लिहा, म्हणजे क्लार्कचा अर्धा त्रास वाचतो. मे महिन्यात जाऊ नका, ॲडमिशन आणि टीसीची गर्दी असते. इतिहासाचं मात्र वडगावकर बाईंनाच विचारा, त्या इथे आहेत.

वडगावकर बाई

कोथरूडकर, तुमच्या बाबांचंही बरोबर आहे आणि आत्यांचंही. आजोबा बेळगाव सोडून गेले नाहीत, आणि शिकले ते सांगली संस्थानच्याच शाळेत. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या मुलांनीही विचारलेला आहे आणि पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि शहर, कॅम्प हे सगळं कंपनी सरकारकडे गेलं. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडेच राहिलं. सांगली संस्थान हे सलग असं नव्हतंच. मिरजेजवळचा मुलूख, मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी, शहापूर असे सगळे सुटे सुटे तुकडे. आज त्यातलं मंगळवेढं सोलापूर जिल्ह्यात आहे, तेरदाळ बागलकोट जिल्ह्यात, शिरहट्टी गदगमध्ये आणि शहापूर बेळगावात. शहापूर हा त्या संस्थानचा एक तालुका होता. म्हणजे तुमचे आजोबा घरातून निघून बेळगावच्या बाजारात जायचे तेव्हा एका संस्थानातून ब्रिटिश मुलखात जात होते. आज कपिलेश्वराच्या पुलावरून उतरलं की दोन मिनिटांत शहापूर लागतं, रिक्षावाला वेगळं गाव म्हणून जादा भाडंही मागत नाही. म्हणून पुण्यात बसून 'संस्थान सांगली' वाचलं की कुणालाही वाटणार, माणूस सांगलीला शिकला.

पटवर्धनांच्या घराण्यात चिंतामणराव हे नाव दोन ठिकाणी महत्त्वाचं. मिरजेतून वाटणी घेऊन सांगलीची गादी सुरू करणारे पहिले चिंतामणराव आप्पासाहेब, आणि संस्थान विलीन झालं तेव्हा गादीवर असलेले दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब. शहापूरच्या हायस्कूलला या घराण्याचंच नाव आहे आणि ते आजवर टिकलं. राजा गेला, मुंबई इलाखा गेला, मुंबई राज्य गेलं, म्हैसूरचं कर्नाटक झालं, पण पाटीवर चिंतामणराव आहेच. मला याचं फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे पाट्यांवरून किती रान उठतं हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. तरी या नावाला कुणी हात लावला नाही. मराठी घरातली मुलंही 'चिंतामणरावला आहे' म्हणतात, कन्नड घरातलीही.

आता तारखा, तुमच्या बाबांना लिहायला उपयोगी पडतील म्हणून. दक्षिण महाराष्ट्रातली बहुतेक संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यात सांगलीही आली. शहापूर मग बेळगाव जिल्ह्यात आलं. आजोबा १९४७ ला मॅट्रिक झाले, म्हणजे संस्थानच्या अगदी शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी. मॅट्रिकची परीक्षा त्या वेळी मुंबई विद्यापीठ घ्यायचं, संस्थानातली मुलंही त्याच परीक्षेला बसायची. शाळा सांगली संस्थानची, परीक्षा मुंबई विद्यापीठाची. दाखला आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट असे दोन्ही कागद घरात सापडले तर दोन्हींवर वेगळी नावं दिसतील, गोंधळू नका. पुढे मुंबई सरकारने १९४८ चा कायदा करून शालान्त परीक्षेसाठी वेगळं बोर्ड केलं आणि मॅट्रिक हा शब्द फक्त लोकांच्या तोंडात राहिला. माझे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणायचे, मी एसएसएलसी (इकडची दहावी) झाले तेव्हासुद्धा गल्लीभर 'पोरगी मॅट्रिक झाली' म्हणून सांगत फिरले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूरचं परीक्षा बोर्ड १९६६ मध्ये स्थापन झालं, म्हणून अण्णाकाकांच्या १९६८ च्या मार्क्स कार्डावर म्हैसूर आहे. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. मी १९७४ च्या बॅचची, त्यामुळे माझ्या कार्डावर कर्नाटक. तुमचे आजोबा, अण्णाकाका आणि मी, तिघांचीही घरं शहापूर-वडगावच्याच पट्ट्यात, आणि तिघांच्या कागदांवर तीन वेगळी नावं.

एक विनंती मात्र आहे. बाबा लिहिताहेत तर फक्त राजे आणि सीमाप्रश्न एवढंच लिहू नका. तो भाग सगळीकडे मिळतो. शाळा म्हणजे तिथे येणारी मुलं कोण होती, हे लिहा.

शहापूर आणि वडगाव हा विणकरांचा आणि सराफांचा भाग. मी लहान होते तेव्हा सकाळी कुठल्याही गल्लीतून गेलं की मागाचा आवाज ऐकू यायचा. आमच्या घरीही माग होता. शाळेत जायच्या आधी कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या हे मुलींचं काम. चरख्यावर सूत धरायचं, ते सगळीकडे सारखं बसलं पाहिजे, मध्येच फुगलं की कांडी धोट्यात अडकते आणि मागावर बसलेले वडील ओरडतात. बोटाला तर्जनीच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ पडायची. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलीने फळ्यावरचं उतरवायला वही पुढे ओढली की मला ती रेघ दिसायची आणि कुणाच्या घरी माग आहे ते न विचारता कळायचं. उशिरा आलेलं मूल दारात उभं राहून म्हणायचं, "बाई, कांड्या भरून आलोय, म्हणून वेळ झालंय." त्याला मी कधीही बाहेर उभं केलं नाही.

ही मुलं कुणाची? काहींच्या घरी मराठी, बऱ्याच विणकरांच्या घरी कन्नड, सराफांच्या काही घरांत कोकणी, उर्दू बोलणारी घरंही आहेतच. सरकारी हायस्कूल म्हणजे ज्याला फी परवडत नाही त्याची शाळा. शहरात बाकी शाळा होत्या की. सरदार हायस्कूल ब्रिटिश बेळगावातलं, बेनन स्मिथ मिशनऱ्यांचं, आणि १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी एकत्र येऊन सुरू केलेली केएलई संस्था, तिचं गिलगंची-अरटाळ हायस्कूल. बी. के. मॉडेल आहे, वनिता विद्यालय आहे, मराठा मंडळ आहे. बेळगावला शाळांची कधी वाण नव्हती. पण विणकराच्या घरातलं पहिलंच मूल हायस्कूलला जातंय, घरात कुणाला अर्ज भरता येत नाही, अशा वेळी घराजवळची सरकारी शाळा हाच रस्ता होता. तुमच्या आजोबांचं घर कोणत्या व्यवसायातलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, रजिस्टरमध्ये मिळेल.

रजिस्टरबद्दल सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एका सरकारी हायस्कूलात प्रभारी मुख्याध्यापिका होते (चिंतामणराव नव्हे, दुसऱ्या), त्यामुळे कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. जनरल रजिस्टर हे लांबलचक पुस्तक असतं, दोन्ही पानं मिळून एक ओळ. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी शाळा सोडण्याचं कारण. वर्तणूक सगळ्यांचीच 'चांगली' असते, तो रकाना सोडून द्या. खरं वाचायचं ते शेवटच्या रकान्यात. परगावी गेले. नापास. कामास लागला. लग्न. सतत गैरहजर, नाव कमी केले. एकेका पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेलं की कोणत्या वर्षी मागाचा धंदा बसला, कोणत्या वर्षापासून मुली दहावीपर्यंत टिकायला लागल्या, सगळं दिसतं. मी रिटायर होईपर्यंत मुलींच्या नावापुढे 'लग्न' हे कारण जवळजवळ दिसेनासं झालं होतं. दुपारचं जेवण, आठवीला सरकारकडून मिळालेली सायकल, या गोष्टींनी त्यात मोठा हात दिला. सायकलींचा कारखान्यातून आलेला ढीग मैदानात उभा असायचा, नट आवळायला पालकच यायचे.

हल्ली जातीच्या दाखल्यासाठी जुनी रजिस्टरं बघायला पुष्कळ लोक येतात, महाराष्ट्रातूनही. त्यामुळे ऑफिसातले लोक थोडे सावध असतात. तुम्ही घराण्याच्या माहितीसाठी आलाय हे अर्जात स्पष्ट लिहा. नोंदीचा उतारा हवा असेल तर स्टडी सर्टिफिकेट मागा. डुप्लिकेट टीसी मागितलीत तर बाँड पेपरवर प्रतिज्ञापत्र वगैरे सगळं आलं, आणि त्याची तुम्हाला गरजही नाही, मूळ दाखला तुमच्याकडे आहेच.

कोथरूडकर

बाई, तुमचं उत्तर प्रिंट काढून बाबांना दिलं. आत्याला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली की आजोबांच्या घरी मागच होता, आणि आजोबांच्या आई कन्नड छान बोलायच्या. आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं.

एक शंका. तिकडे सरकारी हायस्कूलात मराठी माध्यमातून शिकणारी मुलं असतील, तर ती कोणती पुस्तकं वापरतात? बालभारतीची? आणि मराठी-कन्नड मुलं एकाच इमारतीत, तर भांडणं होत नाहीत का? पेपरात वाचतो ते फार वेगळं असतं.

बेंगळूरवासी

बाईंच्या आधी मी थोडं लिहितो, कारण मी त्याच माध्यमातून शिकलो. पुस्तकं कर्नाटकच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, मराठीत छापलेली. प्रथम भाषा मराठी, तिचा पेपर १२५ मार्कांचा, बाकी सगळे १०० चे, एकूण ६२५. कन्नड आणि इंग्रजी या दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषा. पुण्याला मामाकडे गेलो की मामेभावाच्या मराठीच्या पुस्तकात वेगळे धडे आणि माझ्यात वेगळे. शाळाही आमची महाराष्ट्रापेक्षा आधी, जूनच्या सुरुवातीला किंवा मे अखेरीस सुरू व्हायची आणि मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीत किल्ला करायला चार दिवसच मिळायचे, तरी आम्ही करायचोच. शाळेतल्या कन्नडमुळे इकडे नोकरीत मला फार सोपं गेलं. ऑफिसात माझं कन्नड ऐकून लोक विचारतात, धारवाड का? मी सांगतो, शहापूर.

वडगावकर बाई

बेंगळूरवासी, शाब्बास. तुमची बॅच कोणती ते कळवा, माझ्या हाताखालून गेला असाल तर आनंदच आहे.

कोथरूडकर, भांडणाचं विचारलंत. मी काही लपवणार नाही. १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, हिंडलग्याला गोळीबारात माणसं गेली. मी तेव्हा नोकरीला नवीन. १ नोव्हेंबरला शहरात एका बाजूला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन, हे आमच्याकडे दर वर्षी आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात नेला. माझं स्वतःचं मत विचाराल तर मराठी घरातल्या मुलाला मराठीतून शिकायला मिळालंच पाहिजे, यात मी तसूभरही मागे हटत नाही. पण वर्गात आणि स्टाफरूममध्ये मी जे पाहिलं ते सांगते.

आमच्या शाळेत कन्नड विभाग आणि मराठी विभाग एकाच आवारात. प्रार्थना एक, राष्ट्रगीत एक, नाडगीत (कर्नाटकचं राज्यगीत) एक, जेवणाची रांग एक. आमच्याकडे मराठी माध्यमाची विज्ञानाची जागा बराच काळ रिकामी होती. कन्नड विभागाच्या सरांनी आपणहून तो तास घेतला. त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. ते आदल्या दिवशी माझ्याकडे यायचे, 'प्रकाशाचे परावर्तन', 'अपवर्तन', 'आम्ल', 'आम्लारी' असे शब्द एका जुन्या डायरीत कन्नड लिपीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढायचे. अक्षर हळूहळू सुधारत गेलं. काना विसरला की पहिल्या बाकावरची पोरं जागेवरून सांगायची आणि सर खडू उचलून दुरुस्त करायचे. त्या वर्गाचा विज्ञानाचा निकाल चांगला लागला. मी मग त्यांच्या दोन मुलींना एप्रिलच्या सुट्टीत मराठी वाचायला शिकवलं, ते त्यांनी मागितलं नव्हतं, मला वाटलं म्हणून. पेपरात ही बातमी येत नाही आणि येऊही नये कदाचित, पण तुमच्या बाबांनी घराण्याच्या वहीत असलं काही लिहावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या पणजीबाई कन्नड बोलायच्या, त्याच रांगेतलं हे आहे.

कायद्याचं एक सांगायचं राहिलं. घटनेत ३५० अ हे कलम आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याबद्दल. ते १९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने आलं, म्हणजे ज्या वर्षी आम्ही राज्य बदललं त्याच वर्षी. पण त्यात शब्द आहे प्राथमिक शिक्षण. हायस्कूल त्यात येत नाही. म्हणून मराठी माध्यमाचं सरकारी हायस्कूल टिकतं ते शिक्षकांच्या जागा भरल्या जातात का आणि पालक मुलं घालतात का, एवढ्यावर. आता पालक इंग्रजी माध्यमाकडे चाललेत, मराठी घरातलेही आणि कन्नड घरातलेही. यात कुणाला दोष कसा देऊ? स्वतःच्या मुलाचं भलं कुणाला नको असतं? पण मी वडगावात ज्या ज्या घरी जाते तिथे सांगते, आठवीला सरकारी हायस्कूलात घाला, संध्याकाळी इंग्रजी आणि गणित मी फुकट बघते. काही जण ऐकतात. या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या तीन मुलींची नावं घातली, त्यातल्या एकीला वसतिगृह हवं होतं, तेही झालं.

अनगोळ नाका

बाई, अपवर्तनाचं वाचून आमचे सर आठवले. कोथरूडकर, कधी येणार ते ठरलं की कळवा. स्टँडवरून सिटी बस आहे, नाथ पै सर्कलला उतरा, मी गाडी घेऊन येतो. जुन्या शहापूरच्या गल्ल्या बघायच्या तर चालतच फिरलेलं बरं, कचेरी गल्ली, कोरे गल्ली, सराफ गल्ली. वैशाखात आलात तर शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर बघता येतील, आषाढात आलात तर वडगावच्या मंगाई देवीची जत्रा. रजिस्टर मात्र कामाच्या दिवशीच, शनिवारी शाळा अर्धी असते.

कोथरूडकर

सगळ्यांचे आभार. दाखला पुन्हा नीट बघितला. रजिस्टर नंबर वरच्या कोपऱ्यात शाईने लिहिलेला आहे, थोडा पुसट आहे पण वाचता येतो. आधीची शाळा म्हणून शहापूरचीच मराठी शाळा आहे. सोडण्याचं कारण: मॅट्रिक परीक्षा पास. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी यात एका महिन्याचा फरक आहे, हे आत्ता लक्षात आलं. यातली कुठली खरी धरायची? आणि बाबा स्वतः यायचं म्हणताहेत, वय ६८, जिने चढायला त्रास होतो.

वडगावकर बाई

अक्षरी धरा. रजिस्टरमध्येही अक्षरीच प्रमाण मानतात, अंक लिहिताना चूक होते. तरी मूळ ओळ बघितल्याशिवाय वहीत पक्कं लिहू नका, दाखला रजिस्टरवरून उतरवताना क्लार्कचीही चूक होऊ शकते. बाबांना जिन्याचं अजिबात टेन्शन देऊ नका, अर्ज आणि झेरॉक्स मला पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, मी आधी जाऊन मुख्याध्यापकांशी बोलून ठेवते आणि रजिस्टर खाली मागवून घेऊ. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो, सोबत कन्नडमध्ये एक प्रत मी करून देईन. येताना अण्णाकाकांचं मार्क्स कार्डही घेऊन या. ते कोणत्या शाळेत होते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्याच शाळेत असतील तर त्यांची ओळही त्याच दिवशी काढू.